दुसऱ्या हाकेला ओ

आमच्या घरी पहिल्या हाकेला कोणी ओ देत नसे. ही काही घराण्याची रीत नव्हती. नानांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, बाजूची माणसं तर एका हाकेला तिघं तिघं धावत यायची. ही माझ्या आईनं माहेरून आणलेली अट होती आणि ती तिनं आम्हा सगळ्यांवर लादली होती. लाइटचं मीटर बघायला येणारा माणूस ओट्यावर उभा राहून एकदा हाक मारायचा, आम्ही सगळे आत परातीभोवती बसलेलो त्याला खिडकीतून स्पष्ट दिसायचो, आणि तरी कोणी हलायचं नाही. “काय बहिऱ्यांचं घर आहे का हे?” असं तो चिडून ओरडला, की तीच दुसरी हाक धरून आई उठायची आणि हसतमुखानं त्याला पाणी द्यायची. “पहिली हाक कोनाची बी असू शकते,” ती म्हणायची, “दुसरी हाक मानसाचीच.” माझ्या योगेशदादाला तर या अटीची इतकी सवय होती, की तो ओहोळाकडच्या बांधावरून भुकेला होऊन यायचा तेव्हा “आयेऽ” म्हणून एकदा ओरडायचा, मग दोन पावलं चालायचा आणि पुन्हा ओरडायचा. त्या दुसऱ्याला आईची ओ यायची. अशी ओ, की बांधावरचे बगळे उडायचे.

या अटीमागची गोष्ट आईनं मला एकदाच सांगितली, तीही कांदा निवडता निवडता, मान वर न करता. ती बागलाणातली, नामपूरची. तिच्या लग्नाआधी तिचा धाकटा भाऊ मिलिटरीत भरती होऊन कुठेतरी लांब उत्तरेला ट्रेनिंगला गेला होता. तेव्हा फोन कुठले आले. महिनोन्‌महिने खबर नसायची. एका तिन्हीसांजेला आई कांदा साठवायच्या चाळीत एकटी होती आणि बाहेरून हाक आली, “आक्का.” आवाज भावाचाच. ती ओ देऊन धावत बाहेर आली तर खळ्यात कोणी नाही. पुढे काही दिवसांनी निरोप आला की तापाचं निमित्त होऊन तो तिकडेच गेला, आणि सगळं उरकूनही झालं. म्हातारी माणसं म्हणतात, तिन्हीसांजेच्या एका हाकेला ओ देऊ नये, भूत एकदाच हाक मारतं. आईचं म्हणणं त्याहून वेगळं होतं आणि मला ते अजून टोचतं. ती म्हणाली, “मी ओ दिली ना, म्हनून त्याचा जीव सुटला. नसती दिली, तर दुसऱ्यांदा हाक मारायला तरी तो ऱ्हायला असता.” आणि पुढचा कांदा हातात घेतला.

अशा बाईच्या पोटच्या पोराला मिलिटरीचंच वेड लागावं, याला काय म्हणावं! दादा पहाटे पाटाच्या कडेनं पळायचा, पोतं पाठीला बांधून टेकडी चढायचा, आणि आई त्याला अडवायचीही नाही. नुसती गप्प व्हायची. आईच्या गप्प होण्याला नाना वचकून असत, पण भरतीचा निकाल आला तेव्हा त्यांना आनंद लपवता येईना. आमचा मळा नाशिकच्या दक्षिण अंगाला, मेथी-कोथिंबीर आणि चार सरी शेवंतीचा. मधे एक टेकड्यांची रांग आणि पलीकडे देवळाली कॅम्प. दादाचं ट्रेनिंग लागलं ते नेमकं तिथेच. “अगं, पोरगं काय काश्मीरला नाय चाललं,” नाना म्हणाले, “टेकडी चढली तर त्याच्या पोळीचा वास येईल तुला.” वस्तीवरचे लोक चिडवायचे, की नानांचं पोरगं मिलिटरीत गेलं का आठवड्याच्या बाजाराला गेलं? आईनं तो निघायच्या दिवशी हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे केले, दादाला आवडतात तसे लसणाचे झणझणीत, आणि तो ताट संपवून उठेपर्यंत ती त्याच्या तोंडाकडेच बघत होती. पण काखेत कळसा म्हणतात तशातली गत झाली. भेट नाही, घरी येणं नाही, कसम परेड, म्हणजे ट्रेनिंगच्या शेवटची शपथ, होईपर्यंत काही नाही. फक्त रविवारी, जमलं तर, एक फोन.

घरात एकच मोबाइल होता, नानांचा, बटणांचा. त्याला रेंज यायची ती फक्त विहिरीच्या थारोळ्यावर, मोटेचं पाणी पडायच्या जुन्या कुंडाच्या कडेला. म्हणून रविवारी दुपारी आमचं सगळं बिऱ्हाड थारोळ्यावर जमायचं. आई लुगड्याच्या पदरात मोबाइल धरून बसायची, अंडं धरावं तसा. आजूबाजूला जुड्या बांधायला काढलेली कोथिंबीर, बांधायचा ओला वाख, नानांची विडी. फोन आला की नाना आधी घ्यायचे आणि विनाकारण हिंदीत बोलायचे. मग आई ओरडून बोलायची, कारण टेकडीपलीकडे ऐकू जायला हवं, असा तिचा हिशोब. दादा घाईघाईनं सांगायचा की बरा आहे, खातोय, झोपतोय, मागे रांग आहे. तेवढ्यात संपायचं. मग आठवडाभर आई तो फोन पुरवून पुरवून वापरायची. “‘बरा आहे’ म्हनला, पन कसा म्हनला?” हे ती मला कोथिंबिरीच्या प्रत्येक जुडीमागे विचारायची. आता माझी मुलगी सायली मिलिटरीच्या ट्रेनिंगला आहे. तिच्याकडून फोन जमा करून घेतात आणि रविवारी थोडा वेळ परत देतात. इतक्या वर्षांत फोन केवढे बदलले, पण “बरी आहे”च्या पलीकडे त्यांच्यातून अजूनही काही ऐकू येत नाही, आणि आईचा तो प्रश्न आता मी नवऱ्याला विचारते.

तोफांचे आवाज आम्हाला नवे नव्हते. टेकड्यांपलीकडे सरावाचं फायरिंग चालायचं त्या दिवशी मांडणीवरची ताटं किणकिणायची, म्हैस कान टवकारायची आणि आम्ही बोलणं जरा मोठ्यानं करायचो, इतकंच. पण दादा गेल्यानंतर पहिल्यांदा फायरिंग झालं त्या सकाळी मी आणि आई मेथीच्या जुड्या बांधत होतो. धडाम् झालं. आईचा हात थांबला. मग दुसरा आवाज आला, आणि आई उठून उभी राहिली, टेकड्यांकडे तोंड केलं आणि ओरडली, “ओऽऽ!” तीच बांधावरची, बगळे उडवणारी. मला आधी हसू आलं. मग तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि हसू गिळलं. ती अशी निवांत खाली बसली, जसं काही तिचं पोरगं पोटभर जेवून उठलंय. त्या दिवसापासून तो तिचा नेम झाला. पहिल्या आवाजाला हात थांबायचा, दुसऱ्याला ओ. नाना म्हणायचे, “अगं, तिथं लय पोरं हायेत, प्रत्येक तोफेमागं काय तुझंच हाय का?” ती म्हणायची, “दोन्दा हाक मारायची खूण मना पोऱ्याचीच शे. आवाज शे तोवर तो शे.” घाबरली किंवा हट्टाला पेटली की तिच्या बोलण्यात माहेरची अहिराणी यायची, ‘माझा’चं ‘मना’ व्हायचं आणि ‘आहे’चं ‘शे’. रविवारी ती फोनवर ओरडून विचारायची, “परवा सकाळचा आवाज तुझाच ना रे?” आणि दादा क्षणभर थांबून म्हणायचा, “हो आये, माझाच.” मग रात्री तिला झोप लागायची. नानांनाही बरं वाटायचं. बाजारात गाडी लावताना ते शेजारच्याला सांगू लागले होते, की आमचा योगेश तोफ चालवतो.

मधे आई एका लग्नासाठी नामपूरला गेली. त्या रविवारी नाना मोबाइल माझ्याकडे ठेवून बाजाराला गेलेले, थारोळ्यावर मी एकटीच होते. दादाला कळलं की आई नाही, तेव्हा त्याचा आवाज एकदम सैल झाला. म्हणाला, “मने, एक सांगू? मी तोफेला अजून हातसुद्धा नाय लावला. लावणार बी नाय. मी लंगरात हाय. कुक म्हणून घेतलंय मला. सकाळी परेड, पळणं, आन्‌ मग परातीएवढी कणीक.” मला आधी कळेचना. घरी ज्यानं कधी चहाचं भांडं उचललं नाही, तो दादा पोळ्या लाटतो? मी विचारलं, मग आईला हो का म्हणतोस? तो म्हणाला, “पहिल्यांदा मागं उस्ताद, आमचा शिकवणारा, उभा होता, घाई होती, हो म्हणून गेलो. मग तिला लय बरं वाटतंय असं दिसलं. सांगू नको तिला. आन्‌ नानांना तर नकोच नको.” लंगर म्हणजे फौजेचं स्वयंपाकघर, हे मला त्या दिवशी कळलं. मी कोणाला सांगितलं नाही. पण त्यानंतर तोफ झाली आणि आई ओ द्यायला उठली, की मी मान खाली घालून जुडी बांधत राहायचे. तिची ओ टेकडीपलीकडे जाऊन कोणाच्या अंगावर पडत होती, कोण जाणे.

आणि मग एका दुपारी एकच आवाज झाला. आईचा हात थांबला तो थांबलाच. वाख बोटाभोवती गुंडाळलेला, कोथिंबीर मांडीवर, आणि ती कान देऊन बसलेली. दुसरा आवाज आला नाही. संध्याकाळ झाली, धारा काढायची वेळ झाली, तरी आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्यानंतरही नाही. रविवारी थारोळ्यावर ऊन उतरेपर्यंत बसलो, फोन नाही. पुढच्या रविवारीही नाही. आईचं जेवण सुटलं. ताट समोर घ्यायची, घास करायची आणि तो हातातच वाळायचा. नाना केळीची फणी घेऊन कॅम्पच्या गेटवर गेले आणि फणी तशीच घेऊन परत आले. “गेटवरचा जवान चांगला होता बिचारा,” ते म्हणाले, “सगळ्या पोरांना बाहेर सरावाला नेलंय, तिथं फोन नाय. सगळी बरी हायेत.” आई म्हणाली, “त्यानं डोळ्यांनी बघितलं का माझ्या पोराला?” नाना केळी सोलून म्हशीला घालत बसले.

त्या दिवसांतलं घर मला आजही अंगावर येतं. कोणी मोठ्यानं बोलायचं नाही, कारण दुसरा आवाज चुकायला नको. पाण्याची मोटर आई बंद करायला लावायची. मांडणीवरची ताटं तिनं एकमेकांना लागणार नाहीत अशी फडकी घालून ठेवली. भांड्याला भांडं लागलं तरी ती दचकायची. एका तिन्हीसांजेला मी अंगणात सडा टाकत होते आणि ती उंबऱ्यात बसली होती. ओहोळाच्या बाजूनं हाक आली, “आये.” मलाही ऐकू आल्यासारखं झालं, आज शपथ घालून विचारलं तर सांगता येणार नाही. आईनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. तिच्या गळ्याशी आलेली ओ मला दिसत होती. डोळे मोठे करून ती बांधाकडे बघत होती, दुसऱ्या हाकेची वाट बघत. बांधावर कोणी नव्हतं. अंधार पडला तरी तिनं हात काढले नाहीत. नानांनी येऊन तिचे हात एकेक करून सोडवले.

दुसऱ्या दिवशी मला राहवेना. मला वाटलं, खरं सांगितलं की तिच्या मनावरची धोंड उतरेल. तोफ दादाची नाही, तर एकाच आवाजानं भ्यायचं कारणच उरत नाही. इतका सरळ हिशोब. थारोळ्यावर तिच्याजवळ बसून मी सांगितलं, “आये, तो आवाज दादाचा नव्हता. कधीच नव्हता. तो लंगरात पोळ्या करतो.” तिनं एक जुडी बांधली, दुसरी बांधली. मग माझ्याकडे वळली. चेहऱ्यावर सुटका नव्हती. तिनं विचारलं, “मंग इतके दिवस मी कोनाले ओ देत व्हते?”

सरळ हिशोब माझ्या कामाला आला नाही. जिनं भाऊ गेल्यापासून खात्री नसलेल्या एकाही हाकेला ओ दिली नव्हती, तिनं महिनेच्या महिने, भर उजेडात, गळा फाडून, कोणाला तरी उत्तर दिलं होतं. त्या संध्याकाळी तिनं मीठ-मोहऱ्या घेऊन माझी दृष्ट काढली, नानांची काढली, म्हशीचीसुद्धा काढली. मग ट्रंकेतून दादाचा भरतीआधीचा शर्ट काढला, उंबऱ्यावर नीट पसरला, बाह्या सरळ केल्या आणि त्याच्यावरून मूठ उतरवली. नाना नेहमीसारखं काहीतरी बोलायला गेले आणि त्या शर्टाकडे बघून चुलीतला जाळ सारू लागले. मोहऱ्या चुलीत तडतडल्या. मला वाटलं आता ही बाई तोंड उघडणार नाही, ना हाकेला ना कशाला, आणि हे माझ्या सांगण्यानं झालं. मी पांघरुणात तोंड घालून रडले.

फायरिंग पुन्हा सुरू झालं ते सकाळचं. आम्ही तिघंही अंगणात होतो, नाना गाडीत क्रेट भरत होते. धडाम् झालं. आईचा हात थांबला. नानांचाही थांबला. मग दुसरा. मी तिच्याकडे बघायचं टाळलं. ती उठली नाही, ओ आली नाही. मेथीची जुडी तिनं इतकी आवळली की देठं तुटली. तिसरा आवाज झाला, चौथा झाला. आणि मग ती गुडघ्यावर हात टेकून उठली, पदर खोचला, टेकड्यांकडे तोंड केलं आणि तिनं ओ दिली. आधीच्यापेक्षा बारीक, बसलेल्या गळ्याची, पण दिली. नाना म्हणाले, “अगं, तो तुझा नाय, तुला सांगितलंय ना पोरीनं?”

“माझा नाय, मंग कोनाचा तरी हाय ना?” आई म्हणाली. “ज्याची माय लांब हाय, तिले ऐकू येत नसंल. त्याला कोन ओ देनार?” ती खाली बसली आणि तुटलेली देठं गोळा करू लागली. मग कोणाकडेच न बघता म्हणाली, “मना भाऊ तिकडे ताप अंगात घेऊन पडला व्हता. त्यानं हाका मारल्या असतील. किती मारल्या असतील. तिथल्या एखाद्या बाईनं ओ दिली असंल का रे देवा त्याला?” टेकड्यांपलीकडे पुढचा आवाज झाला आणि आईनं मान वर करून त्यालाही ओ दिली.

त्या रविवारी दादाचा फोन आला. काळजीचं काही नव्हतं, सरावाला नेलं होतं, तिथून फोन करता येत नव्हता, एवढंच. आईनं तोफेचं विचारलं नाही. विचारलं, “पोळी गोल येती का रे आता?” पलीकडून दादा नाक ओढत म्हणाला, “येती आये. पन तुझ्यासारखी फुगत नाय.” नाना बाजूला उभे राहून ऐकत होते. पुढच्या बाजाराला त्यांनी शेजारच्या गाडीवाल्याला सांगितलं की आमचा योगेश अख्ख्या पलटणीला जेवू घालतो. नाक होतं तेवढंच वर.

आई जाऊन आता काही वर्षं झाली. दादा नोकरी पुरी करून मळ्यावरच राहतो. मी सातपूरला राहते. तिथे कंपन्यांच्या भोंग्यांपुढे टेकड्यांपलीकडचं काही ऐकू येत नाही, म्हणून मी रविवारी मळ्यावर जाते. सायलीचा फोनही मला तिथेच घ्यावासा वाटतो, विहिरीच्या थारोळ्यावर. आता घरभर रेंज असते तरी. गेल्या वेळी दादा शेंगोळे वळत होता आणि सहज बोलावं तसं म्हणाला, “तुला माहीत हाय, मी लंगरात असताना बाहेर तोफ व्हायची. पहिल्याला काय नाय. दुसऱ्याला मी थांबायचो. मनात म्हणायचो, आता आये उठली आसंल, आता पदर खोचला, आता ओ दिली. तेवढ्यात तव्यावरची पोळी जळायची. उस्तादाच्या लय शिव्या खाल्ल्या मी त्या पोळ्यांपायी.” हे तू तिला सांगितलंस का, असं मी विचारलं. तो म्हणाला, “लाज वाटली.” शेंगोळे वळायचं त्यानं थांबवलं नाही, पण त्याला समोरचं नीट दिसत नसावं, कारण वळलेलं शेंगोळं पुन्हा पुन्हा मोडून वळत होता.

या रविवारी सायलीचा फोन आला नाही. तिचं सेंटर पार दक्षिणेला, इथून रात्रभराच्या गाडीच्याही पलीकडे. तिच्या मैत्रिणीच्या आईला विचारलं, त्यांनाही नाही. सगळ्यांना बाहेर सरावाला नेलं असेल म्हणाल्या. मला हे कळतं. हे मी ऐकून ऐकून मोठी झाले आहे. तरी दुपारभर फोन पदरात धरून थारोळ्यावर बसले. दादा ताट वाढून दोनदा बोलावून गेला. उन्हं कलली आणि टेकड्यांपलीकडे धडाम् झालं. रविवारी सहसा होत नाही, पण झालं. मी थांबले. दुसरा आवाज आला तशी उठले, पदर खोचला आणि गळा काढून ओ दिली, कोणाच्या का लेकराला होईना. बांधावर बगळे नव्हते. मग मी दक्षिणेकडे तोंड करून बराच वेळ कान देऊन उभी राहिले. तिकडे माझ्या पोरीला कोणी ओ दिली की नाही, ते मला इथून ऐकू येणार नव्हतं.